शंख फुंका, गालगुंड टाळा!

आमच्या सबंध संसारात मी नवऱ्याला दिलेली एकच वस्तू त्यांनी तक्रार न करता घेतली, आणि ती म्हणजे गालगुंड.

बाकी मी केलेल्या आमटीत मीठ जास्त, मी घडी घातलेल्या सदऱ्याला सुरकुत्या आणि मी सांगितलेल्या गोष्टीला शेपूट फार! (हे शेवटचं खरं आहे. आताच बघा ना, गालगुंडावर यायचं सोडून आमटीत शिरले.)

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी होता आणि सिंधुदुर्ग म्हणजे मालवणच्या समुद्रातला नुसता किल्ला. मी लग्न होऊन खाडीकाठच्या ह्या वाडीत आले, त्याला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. घरात माणसं दोन, मी आणि सासूबाई. सासरे तांडेल होते, गलबतावरचे मुख्य; ते मी यायच्या आधीच वारले होते. त्यांचा एक भला मोठा शंख तेवढा पडवीत खुंटीला टांगलेला असायचा. धुक्यात गलबतं चुकू नयेत म्हणून ते तो फुंकायचे, आणि परत येताना खाडीच्या तोंडाशी एकदा फुंकला की सासूबाई चुलीवर भात ठेवायच्या, असं मला शेजारच्या भागीकाकीने सांगितलं होतं. सासूबाई स्वतः काही सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. दिवसभरात त्या जेवढं बोलायच्या तेवढं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि वर पत्त्याला जागा उरली असती!

आणि हे मुंबईला. हे म्हणजे माझे यजमान. (नाव घ्यायची सवय तेव्हा नव्हती, आता ते नसताना कशाला लावून घेऊ?) एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. बाटलीवर कागदाची पट्टी कापून डोसाच्या खुणा करायच्या, पुड्या बांधायच्या. वर्षातून एकदा, मे महिन्यात, महिन्याची रजा. बोटीने यायचं आणि पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने परत जायचं. त्यानंतर समुद्र बंद आणि माझं तोंडही बंद.

माझ्यासारख्या बडबडीला हे म्हणजे जन्मठेपच! मी कोंबड्यांशी बोलायची. माडांशी बोलायची. एकदा चिंबोरी कापताना तिच्याशी इतकी बोलले, की पुढे ती खाववेना. वर्षभर साठवलेलं बोलणं मी मेसाठी ठेवायची, मिठात मासे ठेवतात तसं.

त्या वर्षी चैत्रात कुडाळजवळच्या माझ्या माहेरी लग्न होतं, तिथे गेले. भावाच्या मुलाचा एक गाल टम्म फुगलेला. वहिनी म्हणाली, "दाढ दुखता मेल्याची." मी त्याला मांडीवर घेतलं, पापे घेतले, आणि त्याच्या हातातला लाडू अर्धा त्याने खाल्ला, अर्धा मी. बिचाऱ्याला दाढेमुळे चावत नव्हता ना!

दाढ वगैरे काही नव्हतं, हे मला दोन-तीन आठवड्यांनी कळलं. तेही कोणी सांगितलं नाही, आरशाने सांगितलं. बोट यायला दोनच दिवस उरले होते. नवीन लुगडं काढून ठेवलेलं, अबोलीचा वळेसर कसा माळायचा ते ठरवलेलं, आणि ह्यांनी घरात पाऊल टाकल्यावर कसं हसायचं त्याची सकाळ-संध्याकाळ तालीम चाललेली. त्या सकाळी आरशात हसले तर एक गाल माझा, आणि दुसरा कोणातरी सावकारिणीचा!

मी पदर गालावर ओढून चुलीपाशी बसले. सासूबाईंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

"ह्या काय गो? तोंडात काय भरलंस?"

"काय नाय, आये."

"मगे गाल खंय चल्लो?"

तेवढ्यात भागीकाकी आली. भागीकाकी म्हणजे वाडीची डॉक्टर, वकील आणि आकाशवाणी. तिने माझा पदर खसकन ओढला.

"गालगुंड गो बाय ह्या! सोळा आणे गालगुंड!"

"माजो झिल येतलो परवा," सासूबाई म्हणाल्या. "तेका लागला तर?"

भागीकाकीचा आवाज एकदम खाली आला. "बापयांका वायट हां. लग्न झालेल्या बापयांका तर..." आणि पुढचं तिने सासूबाईंच्या कानात सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण सासूबाईंचा चेहरा असा पडला, जणू मांडीवर बसलेलं नातवंड कोणी उचलून नेलं. (नातवंड अजून व्हायचं होतं, पण सासूबाईंनी त्याला मनात केव्हाच न्हाऊमाखू घातलं होतं.)

"तू आजपासून मांगरात," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसाचं पोस्टकार्ड संपलं.

मांगर म्हणजे घरामागच्या माडबागेतली खोपी. नारळांचा ढीग, सुंभाच्या गुंड्या, आणि एका कोपऱ्यात रवणीवर बसलेली कोंबडी. ती पिल्लांसाठी एकटी बसलेली, मी गालासाठी. दोघींनाही कोणी भेटायला येत नव्हतं. सासूबाई दारातून लांब दांड्याच्या दवलीने माझ्या ताटलीत पेज ओतायच्या, ती निम्मी ताटलीत आणि निम्मी कोंबडीवर. मी बोलायला तोंड उघडलं की कानापासून हनुवटीपर्यंत कळ जायची. म्हणजे इतके दिवस बोलायला माणूस नव्हतं, आता तोंडही नव्हतं!

आता खरा घोटाळा पुढेच आहे.

भागीकाकीने औषध काढलं. शंख उगाळून लेप लावायचा. देव्हाऱ्यातल्या शंखाला आजाऱ्याचा हात नको, म्हणून सासऱ्यांचा शंख खुंटीवरून उतरला. लेप लागला. पण भागीकाकीला तेवढ्यावर समाधान कसलं!

"देवळातलो गुरव बघलंस मा? रोज शंख फुंकता. गाल बघ तेचे, कसे गरगरीत! तेका कधी गालगुंड झाला?"

"नाय बा," सासूबाई म्हणाल्या.

"मगे?"

त्या एका 'मगे'ने वैद्यकशास्त्राचा निकाल लागला. ज्या गालात शंखाचा वारा भरतो त्या गालात गालगुंडाला जागाच उरत नाही, असं ठरलं. माझ्या हातात शंख आला.

"फुंक गो! भायर काढ ती सूज!"

मी फुंकला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण शंखातून आवाज निघाला तो 'फुस्स'. मला काही उपयोग होत नाही म्हटल्यावर भागीकाकी म्हणाली, हिला उशीर झाला, पण ज्यांना अजून झालं नाही त्यांनी तरी आधीच फुंकून घ्यावं!

झालं. बागेच्या दगडी गडग्यापाशी ही रांग लागली. आधी पोरं आली, "माका! माका!" करत. मग पोरांना आणणाऱ्या बायका. मग बायकांना शोधत आलेले पुरुष. भागीकाकीचा मुलगा दिगू, त्याचं लग्न ठरलेलं, म्हणून त्याला दोनदा फुंकायला लावलं, एकदा ह्या गालाने, एकदा त्या गालाने. नीट कसं फुंकायचं ते दाखवायला खुद्द गुरव आला. स्वच्छतेच्या बाबतीत मात्र सासूबाईंचा हात कोणी धरला नसता हो! दर माणसामागे शंख घेऊन त्या स्वतः पदराने खसाखसा पुसत होत्या आणि पुढच्याला देत होत्या.

मी मांगराच्या दारात बसून बघत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. लग्न झाल्यापासून एवढी माणसं आमच्याकडे कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे आले. बंदरावरून पायी, हमालाच्या डोक्यावर ट्रंक. मी गडग्यावरून बघितलं. सासूबाईंनी त्यांना अंगणातच अडवलं आणि थेट पडवीत नेलं. वर्षभराने आलेला माझा नवरा मला पन्नास पावलांवरून पाठमोरा दिसला. तालीम केलेलं हसू वाया गेलं. (ते एका गालानेच आलं असतं म्हणा.)

संध्याकाळी ते गडग्यापलीकडे येऊन उभे राहिले. सासूबाई मागे पहाऱ्याला.

"गो, आसंस मा?"

"आसंय!"

"दुखता?"

"व्हय!"

"कोमट पाण्यान गुळणे कर!"

एका वर्षानंतरचं आमचं पहिलं बोलणं हे! सासूबाईंदेखत आणखी काय बोलणार? मग त्यांची नजर दारातल्या शंखावर गेली.

"हो बाबांचो शंख हय कित्याक?"

सासूबाईंनी अभिमानाने सगळं सांगितलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"कोणी कोणी तोंड लायल्यानी तेका?"

"कोणी नाय लायल्यान ता विचार."

"आये, ह्या थुकीतसून पसारता! खोकल्यातसून, शिंकेतसून, उष्ट्यातसून! जेच्यान गालगुंड जाऊचा म्हणून फुंकलास, तेच्यानच वाडीभर वाटलास!"

"मी पुसलंय दर खेपेक."

"कशान?"

"पदरान."

"एकाच पदरान?"

"मगे काय दर तोंडाक नवीन लुगडा नेसू?"

"बरा, तो शंख आता तरी उकळत्या पाण्यात घाल."

"तुज्या बापाशीचो शंख!" सासूबाईंचा आवाज चढला. "तो काय कुर्ली आसा, उकडूक?"

ह्यांनी वाडीभर फिरून घसा कोरडा केला. दोन-अडीच आठवडे काही दिसणार नाही, मग एकदम दिसेल. तोवर एकमेकांचं उष्टं खाऊ नका, खोकताना तोंडापुढे फडका धरा, एका तांब्याने पाणी पिऊ नका. लोकांनी ऐकून घेतलं आणि एका तांब्याने पाणी प्यायले. रोज सकाळी भागीकाकी आमच्या अंगणात उभी राहून स्वतःचे दोन्ही गाल थापटायची. "बघ रे कंपाउंडरा, आसत मा जागच्या जागार?"

इकडे माझी रजा चालली होती. रजा त्यांची, पण दिवस माझेच जात होते ना! मी मोजायला नको म्हणून दोर वळत बसायची. एका दुपारी सासूबाई तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला खाडीवर गेल्या आणि हे गडग्यावरून उडी मारून आत आले. तिशीचा कंपाउंडर, धोतर खोचून, गडग्यावरून! मी बघतच राहिले. गाल अजून सुजलेलाच होता, मी झटकन भिंतीकडे तोंड केलं.

"हय बघ मा."

"नको. वायट दिसतंय."

"दवाखान्यात रोज ह्याच बघतंय."

आता ह्याला प्रेमाचं बोलणं म्हणावं का, तुम्हीच सांगा! वर्षभराचं साठवलेलं, त्यातलं एक आठवेल तर शपथ. काहीतरी करायचं म्हणून मी शंख उचलला आणि फुंकून दाखवला. फुस्स.

"रोज फुंकतंय," मी म्हटलं. "कोणाक ऐकाक जाणा नाय."

ते शंखाकडे बघत राहिले. "बाबा गेले तेव्हा मी हातात घेतलेलंय. माज्यानय वाजूक नाय." आणि हात पुढे केला. "माका दी बघूया."

"थांबा, पुसून देतंय."

नाही थांबले. वाडीभर उष्ट्यापासून सावध करत फिरणारा माणूस, माझ्या तोंडातला शंख तसाच, न पुसता, तोंडाला लावला त्यांनी. आणि काय सांगू! असा घुमला तो शंख, की माडावरचे कावळे उडाले आणि खाडीपलीकडून कोणाचीतरी म्हैस ओरडली!

खाडीवरून सासूबाई धावत आल्या. ह्यांना गडगा गाठायला वेळ नव्हता. ते नारळांच्या ढिगामागे घुसले, थेट रवणीवरच्या कोंबडीशेजारी. सासूबाई दारात आल्या. पाय चिखलाने भरलेले, टोपली तिथेच टाकून आलेल्या. धापा टाकत होत्या आणि नजर शंखावर.

"कोणी फुंकल्यान?"

"मी," मी म्हटलं.

मग पदराने डोळे टिपले. (तोच पदर.) "बरो वाजवलंस," म्हणाल्या. लग्नानंतर मला मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि तीही दुसऱ्याच्या फुंकेची! मागे ढिगाऱ्यात कोंबडी ह्यांना टोचत होती. 'स्स' असा आवाज यायचा, की मी खोकायची.

"आणि एकदा फुंक," सासूबाई म्हणाल्या.

मी जीव एकवटून फुंकला. फुस्स.

सासूबाईंचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. "आसा अजून सूज," म्हणाल्या आणि टोपली आणायला गेल्या.

पुढे सूज उतरली, पण सुटका नाही. सासूबाईंची परीक्षा होती. कैरीची फोड खायला द्यायची. तोंड वाकडं झालं तर आत अजून दुखतंय!

"तोंड वाकडा केलंस. ऱ्हव हयच."

"आये, कैरी आंबट आसा!"

"मी खातंय मा? माजा तोंड वाकडा झाला?"

हे मधे पडले, की सूज उतरल्यावर हिच्यापासून कोणाला लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, "तू बाटलेत औषध भर. डॉक्टर बोलतत तेव्हा बोल." मी मांगरात बसून सरळ चेहऱ्याने कैरी खायचा सराव केला. दात आंबले, भात चावेना. शेवटी पास झाले त्या दिवशी ह्यांची ट्रंक बांधून झाली होती. शेवटची बोट दुसऱ्या दिवसाची! एका संध्याकाळचा संसार, त्यात निम्मा वेळ मी ट्रंकेत कोकमं भरत होते.

त्याच आठवड्यात वाडीने गाल फुगवायला सुरुवात केली होती. आधी पोरं, मग बायका. भागीकाकीचे थापटायचे गाल तिच्या खांद्यांपर्यंत आले. आणि दिगूचं लग्न! नवरदेवाच्या मुंडावळ्या गालांवर आडव्या राहायच्या, खाली लोंबतच नव्हत्या. सगळ्या वऱ्हाडाच्या तोंडाला शंखाचा पांढरा लेप. देवगडहून आलेल्या मुलीकडच्यांना वाटलं, ही वराकडची रीत असेल. मान राखायला म्हणून मुलीच्या आईने वाटीभर लेप मागून घेतला आणि आपल्याही माणसांच्या गालांना लावला! मंगलाष्टकं म्हणायला भटजींचं तोंड उघडत नव्हतं. एकटा गुरव तेवढा ठणठणीत. त्याला लहानपणीच गालगुंड होऊन गेलं होतं आणि एकदा झालं की ते सहसा पुन्हा होत नाही, हे ह्यांनी त्याच्या म्हाताऱ्या आईला विचारून काढलं. पण भागीकाकी कसली ऐकते! लेपाखालून म्हणाली, "बघलास? जो बरो फुंकता तेका होणा नाय! आमी फुंकूक कमी पडलंव."

बोटीच्या दिवशी हे सकाळी मफलर गुंडाळून निघाले.

"मेल्या, मे म्हयन्यात मफलर?" सासूबाई म्हणाल्या.

"समुद्रार वारो आसता."

मी गडग्यापाशी उभी राहिले. मोकळी झाले होते, तरी पाय सवयीने तिकडेच गेले. बोटीचा भोंगा वाजला. तो भोंगा ऐकला, की वर्षभराचं कुलूप लागल्यासारखं वाटायचं मला. मी मांगरात जाऊन कोंबडीला सांगत बसले. तिची पिल्लं एव्हाना फुटली होती, तिला माझ्यासाठी वेळ नव्हता.

आणि थोड्या वेळाने वाटेवर ट्रंक दिसली! ट्रंकेखाली हमाल, हमालामागे हे. मफलर हातात आणि दोन्ही गाल असे, की दारातून सरळ आत आले असते की नाही शंकाच.

काय झालं ते हमालाने सांगितलं. बोट खोल पाण्यात उभी राहते, तिथपर्यंत पडावातून जावं लागतं. हे पडावात बसले. कोणी काही विचारलं नव्हतं. ह्यांनी आपणहून मफलर सोडला, उभे राहिले आणि सगळ्या पडावाला व्याख्यान दिलं, की असला आजार मुंबईला नेणं बरोबर नाही. एवढं बोलून उतरले. बोट दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावर उभे होते. हमाल म्हणाला, "बोट चुकलेलो माणूस इतको खुशीत मी बघूक नाय."

सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. सातेरीदेवीला नारळ बोलून झाला, भागीकाकीला शिव्या देऊन झाल्या. मग मांगर! पण आता पेज कोण देणार, लेप कोण लावणार? ह्यांनी फुगलेल्या तोंडातून कसंबसं सांगितलं, "एकदा झाला तेका... परत होणा नाय." कंपाउंडराची सगळी विद्या उडवून लावणाऱ्या सासूबाईंनी हे एक वाक्य तेवढं ताबडतोब मानलं.

"सुने, तू जा मांगरात."

गेले! तुम्हाला काय सांगू, माझ्या उभ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. वर्षभराचं साठवलेलं बोलणं मी बाहेर काढलं. कोंबडी, माड, चिंबोरी, सगळं सांगितलं. ते 'हूं' सुद्धा म्हणू शकत नव्हते. हात वर केला की 'हो', डोळे मिटले की... मिटले की मी पुढची गोष्ट सांगायची. मुंबईच्या डॉक्टरांना तार गेली, त्यांची उलट तार आली, पूर्ण बरे झाल्याशिवाय येऊ नका. सूज उतरल्यावर सासूबाईंनी परीक्षेला खारातली कैरी आणली. आता हा माणूस असा, की मीठ लावलेल्या कैऱ्या वाटीभर खाऊन वर चिंच मागेल. त्याने एक फोड तोंडात घातली आणि असं तोंड वाकडं केलं, असं केलं, की सासूबाई घाबरून दोन पावलं मागे सरल्या.

"आसा अजून," त्या म्हणाल्या.

कैरी आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा हे नापास!

शेवटी हे एस.टी.ने कोल्हापूरवरून मुंबईला गेले. सासूबाईंचा जीव मात्र पुढच्या वर्षी मुलगी झाली तेव्हाच भांड्यात पडला. तिचं नाव चांगलं ठेवलं होतं, पण वाडीत अजून तिला शंखीच म्हणतात.

त्यानंतरही मुंबई आणि बोट चालूच राहिली. पुढे बोटी बंद झाल्या, मुंबई राहिली. मी दर मेमध्ये विचारायची, "तो शंख तुमी मुद्दाम फुंकलास मा?" ते म्हणायचे, "बाबांचो शंख. वाजता काय बघलंय." पेन्शन नसलेली नोकरी संपवून कायमचे घरी आले, तेव्हा विचारलं. तेच उत्तर. अगदी शेवटच्या आजारपणात, उशाशी बसून, विचारलं. माझ्याकडे बघितलं, आणि तोंड वाकडं केलं. कैरी खाल्ल्यासारखं.

आता सासूबाई नाहीत, भागीकाकी नाही, हे नाहीत. मांगर पडला, गडगा आहे. शंखी मुंबईला, फोन करते. परवा मला जरा सर्दी झाली तर फोनवरून हे लांबलचक ऐकवलं तिने. "आई, शिंकताना रुमाल धर, हात धुवत जा, कोणाचं भांडं वापरू नको, चार दिवस माणसांपासून लांब राहा." बापाची मुलगी!

"बरं," मी म्हटलं. माणसं आधी शोधावी लागतील आणि मग त्यांच्यापासून लांब राहावं लागेल, हे काही तिला सांगितलं नाही.

शंख अजून पडवीत आहे. संध्याकाळी मी एकदा फुंकून बघते. फुस्सच. आणि फुंकून झाला, की न पुसता तसाच खुंटीला टांगते. एवढा एक नियम मोडते. बाकी आजार पसरू नये म्हणून जे जे करायला सांगतात ते बघितलं, तर गर्दीत न जाणारी, उष्टं न खाणारी, कोणाच्या तोंडासमोर न बोलणारी अशी माझ्याइतकी शहाणी बाई अख्ख्या सिंधुदुर्गात शोधून सापडायची नाही!